मला डबी बसवायची की नाही

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. किती जुनी? टाकीवरच्या कंपनीच्या नावातली निम्मी अक्षरं उडाली आहेत आणि उरलेल्यांचा काही अर्थ लागत नाही, इतकी. माझा डावा आरसा मूळचा आहे, उजवा कुठल्याशा स्कूटरचा. हॉर्न वाजवला तर समोरचा माणूस बाजूला होत नाही, उलट कोणाला काय झालं म्हणून काळजीने मागे वळून बघतो. पण इंजिन अजून माझं स्वतःचं आहे, आणि त्या इंजिनावरून आमच्या घरात जे रामायण घडलं ते मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना मध्ये मध्ये बोलू नका. मी एकदा थांबले की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावरून आम्ही बहिणी रांगेने सरकत होतो. कोणी चाकं चढवली, कोणी दिवा बसवला, कोणी नुसताच फडका मारला. शेवटी जाड चष्म्याच्या एका माणसाने मला सुरू केलं, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हं, जाऊ द्या." जन्मल्या जन्मल्या माझं कौतुक झालं ते एवढंच.

माझ्या सीटखाली एक छोटी काळी पेटी आहे. तिला माझा मेंदू म्हणतात. इंजिनात हवा किती येते याचा अंदाज घ्यायचा आणि त्या मानाने पेट्रोल किती सोडायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. हवेचं आणि पेट्रोलचं जमलं की मी पळते, बिनसलं की रडते. संसारात होतं तसंच आहे हे.

मला विकत घेतलं एका गादीवाल्यांनी. मी त्यांना मालक म्हणते. त्यांचं दुकान अरुंद आणि लांब. दाराशी मालकीणबाईंचं शिलाई मशीन, त्यावर त्या गाद्यांच्या आणि उशांच्या खोळी शिवतात. मध्ये कापूस तोलायचा मोठा काटा, ज्याच्या पाटावर माणूससुद्धा उभा राहील. मागे कापूस पिंजायचं यंत्र. आणि यंत्राच्या शेजारी, जिन्याखाली, माझी जागा. तो जिना वर घरात जातो, त्यामुळे दुकानातलं आणि घरातलं सगळंच माझ्या कानावर पडतं. मी कधी कोणाची चहाडी केली नाही. आज पहिल्यांदाच करते आहे.

या दुकानात कापूस नाही अशी जागा नाही. दिव्यांवर कापूस, घड्याळाच्या काट्यांवर कापूस, मालकांच्या भुवयांवर कापूस. जेवायला वर जाण्याआधी मालकीणबाई त्यांना जिन्यात उभं करून सतरंजी झटकावी तसं झटकतात.

मालक स्वभावाने मऊ, पण धंद्यात भलते हट्टी. कोणी जुनी गादी घेऊन येतं आणि म्हणतं, "बसलीये हो, वरून थोडा कापूस भरून द्या." मालक गादीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "आधी उसवणार, मग बोलणार." गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आत गाठी झाल्या असतील तर वरून नवीन भरून उपयोग काय, हा त्यांचा सवाल. एकदा अशाच एका गादीतून गिऱ्हाइकाच्या बायकोने नवऱ्यापासून लपवलेला सोन्याचा हार निघाला. त्या दोघांचं भांडण आमच्या दुकानात संध्याकाळपर्यंत चाललं. मालकांनी त्यांना बसायला उशा दिल्या, पण नियम काही सोडला नाही.

माझ्या तरुणपणाचं काय सांगू! तेव्हा मालकांची लेक लहान होती. ती पुढे टाकीवर बसायची आणि तोंडाने माझ्यापेक्षा मोठा आवाज काढायची. मध्ये मालक, मागे मालकीणबाई, आणि मालकीणबाईंच्या मांडीवर दोन उशा. गावाबाहेर एक टेकडी आहे. तिथला चढ असा आहे की पायी जाणारी माणसं चप्पल नीट करायच्या निमित्ताने वाटेत थांबतात. तो चढ मी सगळ्यांना घेऊन तिसऱ्या गियरमध्ये चढायचे आणि वर पोचल्यावर मला घामही आलेला नसायचा. लोक म्हणायचे, "गाडी आहे का घोडा?" मी आपली शहाण्यासारखी गप्प राहायचे, पण सायलेन्सरमधून जरा जास्तच ऐटीत आवाज काढायचे.

पुढे लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि तिचं सासरही नेमकं त्या टेकडीवरच निघालं. आता तिला एक छोटी मुलगी आहे. दर रविवारी नवराबायको मला घेऊन नातीला भेटायला जातात. मालकीणबाईंचा आठवडा त्या रविवारसाठीच असतो. नातीसाठी इतकी झबली शिवून झाली आहेत की त्या पोरीने रोज तीन बदलली तरी संपायची नाहीत.

मालकांनी मला जपलं, अगदी तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण जपायची त्यांची तऱ्हा गादीवाल्याची. या जगात ज्याला ज्याला जीव आहे त्याला ऊब पाहिजे आणि मऊ पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. माझ्यासाठी त्यांनी खास मापाची दुलई शिवली, हँडलला दोन बाह्यांसकट. दुकान बंद करताना ते ती माझ्यावर पांघरायचे आणि कडा चाकांखाली खोचायचे. सकाळी मला एकदम थंड हवेत काढायचं नाही म्हणून दुकानातच सुरू करायचे. मी जिन्याखाली घुरघुरत गरम व्हायचे आणि तोवर ते शेजारच्या यंत्रावर दिवसाचा पहिला कापूस पिंजून घ्यायचे. दोन्ही यंत्रं एका सुरात चाललेली त्यांना फार आवडायची.

आणि पाना? नाव काढायचं नाही! "तेलापुरता सोडला तर माझ्या गाडीला अजून पाना लागलेला नाही," हे मालक अशा थाटात सांगायचे, की जणू माझा एकही दात किडलेला नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक तेल बदलायचा तेव्हा मालक त्याच्या डोक्याशी उकिडवे बसायचे. त्याचा हात जरा वर सरकला की म्हणायचे, "तेलाचं बोल. बाकी तिची तब्येत उत्तम आहे."

पण मित्रांनो, तब्येत उत्तम नव्हती. हळूहळू मला धाप लागायला लागली. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढ आला की छातीत काहीतरी दाटायचं. तिसऱ्या गियरचा चढ दुसऱ्यावर आला, दुसऱ्याचा पहिल्यावर. मला वाटलं, वय झालं. कोणाला सांगणार? मी खोकायचे, आणि मालक दुसऱ्या दिवशी दुलईत आणखी एक थर भरायचे.

मग तो रविवार आला. चढाच्या मध्यावर मी अक्षरशः रांगायला लागले. भाजीच्या दोन पिशव्या घेतलेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून पुढे गेले आणि जाताना त्यांनी ओळख असल्यासारखा हातही केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक थांबले आणि मान न वळवता म्हणाले, "जरा उतरतेस का? दोघांचं ओझं झेपत नाही हिला आता."

मालकीणबाई उतरल्या. पिशवी खांद्याला लावून चालायला लागल्या. पुढच्या रविवारी चढाच्या पायथ्याशी मालकांनी मला हळू केलं न केलं तोच त्या आपणहून उतरल्या, आणि मग दर रविवारी तसंच व्हायला लागलं. मालक वर जाऊन वाट बघत उभे राहायचे आणि त्या मागून धापा टाकत यायच्या. लेकीने विचारलं तर म्हणायच्या, "तेवढंच चालणं होतं गं."

आता मी बघितलेलं सांगते. एकदा मालक गादी पोचवायला शेजारच्या गल्लीत गेले होते. मालकीणबाईंनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कापसाच्या काट्यावर चढल्या. आकडा बघितला. उतरल्या. चपला काढून पुन्हा चढल्या. मग गळ्यातली मापाची टेप काढली, कमरेची कात्री काढली, हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या आणि श्वास रोखून पुन्हा चढल्या. काट्याने काही त्यांचं ऐकलं नाही. त्या दिवसापासून वर जेवताना मालकांचा आवाज यायचा, "अगं घे की अजून," आणि मालकीणबाईंचा, "नको, भूक नाही." मला फार वाईट वाटायचं. दम मला लागायचा आणि उपास त्या करत होत्या. पण मोटारसायकलीला सांगता कुठे येतं?

याच सुमारास घरात अवतरले मेहुणेबुवा. म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्वभावाने सोन्यासारखा, पण जगात कोणाचंही काहीही बिघडलं तरी ते सेटिंग बदलून नीट होतं, अशी त्याची श्रद्धा. मालकांची पाठ धरली होती तेव्हाही त्याने विचारलं होतं, "दाजी, एकदा पूर्ण झोपून पुन्हा उठून बघितलंत का?"

त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं. "दाजी, हिचं सेटिंग गंडलंय. हिला ट्यूनर बसवा."

"ते काय असतं?"

त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, तिला वायरींच्या दोन शेपट्या. "ही मेंदूच्या आणि इंजिनाच्या मध्ये बसते. मेंदू म्हणाला एवढं पेट्रोल सोड, की ही म्हणते, थोडं अजून. मग बघा गाडी कशी सुसाट सुटते!"

"पण मेंदूला कळत नाही का, किती लागतं ते?"

"कंपनीवाले हात राखून देतात, दाजी. ही डबी त्यांचा हात मोकळा करते."

मालकीणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे सुनेने मोजून मीठ घालायचं, आणि मागून सासूने येऊन अजून चिमूटभर टाकायचं."

"ताई, तुला यातलं काही कळत नाही."

"मिठातलं कळतं," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, डबी वाईट नव्हती. मेहुण्याच्या स्वतःच्या मोटारसायकलीला त्याने ती बसवलेली होती आणि ती बया खरंच तुफान पळायची. पण तिचा सायलेन्सर बदललेला, हवेची वाट रुंद केलेली, सगळं अंग नव्याने घडवलेलं. तिला पेट्रोल जास्त लागत होतं म्हणून डबी तिच्या कामाची होती. माझं तसं काही होतं का, हे कोणी बघितलंच नव्हतं. शिवाय डबीची किंमत! ती ऐकून मालकांच्या हातातली सुई दोऱ्यासकट खाली पडली. तेवढ्या पैशांत दोन पलंगांच्या गाद्या नवीन भरून झाल्या असत्या, वर लोडही.

मग घरात रोज तोच विषय. मालक गादी भरता भरता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "घेऊ का गं ती डबी?"

"तुमची गाडी, तुम्ही बघा."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! घ्या. नाहीतर गाडीवरचं ओझं कमी करा."

ओझं हा शब्द त्या अशा काही उच्चारायच्या की मालक कापूस दाबायला लागायचे. हा टोमणा कुठून येतो ते त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मी जिन्याखाली गुदमरत होते.

मालकांनी दुसरी बाजूही बघितली. भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, त्याने माझ्या टाकीवर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं, कलिंगड निवडावं तसं. मग म्हणाला, "चालू आहे तोवर काढा शेठ. बंद पडली की नुसती वजनावर जाईल." वजनावर! मित्रांनो, ज्या घरात मी लेकीला टाकीवर बसवून शाळेत नेलं, तिथे माझ्यासमोर असं बोलणं झालं. माझ्या दिव्याची काच धूसर झाली, ती काही धुळीने नव्हे.

शेवटी मेहुण्यानेच तोडगा काढला. डबी विकणारा त्याचा मित्र होता. त्याने ती चार दिवस वापरून बघायला दिली. मालकांनी काट्यावर हात ठेवून निकाल जाहीर केला. "रविवारी डबी लावून चढ चढायचा. दोघांनी बसून. चढली तर डबी घेऊ. नाही चढली तर डबी परत आणि गाडी भंगारात. मी स्कूटर घेतो आणि विषय संपवतो."

माझी अवस्था बघा. उतारवयात उरावर सवत नको म्हणावं, तर सवत आली नाही तर मीच घराबाहेर. इकडे आड, तिकडे विहीर. मी मनाशी म्हटलं, ये बाई डबे, बस माझ्या सीटखाली, पण मला त्या चढावर घेऊन चल.

शनिवारी सकाळी मला रस्त्यावर काढलं. दुकानासमोर बाकांवर शाळेच्या वसतिगृहाच्या उशा उन्हात मांडलेल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, ओळीने. मेहुण्याने माझी सीट उचलली, मेंदूकडून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी सोडवल्या आणि मध्ये डबी जोडली. पान्याचं काम नाही म्हणून मालकांनी नाइलाजाने परवानगी दिली होती, पण तोंड त्यांनी पलीकडे फिरवलं होतं. मेहुण्याने मोबाइलवर डबीचं सेटिंग सगळ्यात वरच्या टोकाला नेलं आणि म्हणाला, "दाजी, मागे सरका. आता बघाच."

त्याने मला सुरू केलं आणि मूठ पिळली.

नाक चोंदलेल्या माणसाच्या तोंडात कोणी घासावर घास कोंबावेत, तसं मला झालं. मेंदू ओरडत होता, पुरे, पुरे. डबी म्हणत होती, घे अजून, लाजू नकोस. मी एक आचका दिला, दुसरा दिला, आणि मग माझ्या सायलेन्सरमधून जो काळाकुट्ट धूर निघाला तो मी आयुष्यात कधी सोडला नव्हता. शेवटी एक बार उडाला आणि मी बंद पडले.

धूर ओसरला तेव्हा उशा दिसायला लागल्या. पहिल्या पाच-सहा अगदी काळ्या, पुढच्या करड्या, आणि शेवटच्या एक-दोन तेवढ्या जरा बऱ्या.

"सेटिंग थोडं जास्त झालं," मेहुणा म्हणाला.

"थोडं?" मालकांनी एक काळी उशी उचलून त्याच्यासमोर धरली.

"कमी करतो ना." त्याने कमी केलं. मी पुन्हा खोकले. त्याने अजून कमी केलं. अजून खोकले. मालक पायरीवर बसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "राहू दे रे. हिचं वय झालं. उद्याची वाटसुद्धा बघायला नको. भंगारवाल्याला फोन लाव."

तेवढ्यात मालकीणबाई मशीनवरून उठल्या. आधी त्यांनी उशांकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला. पण त्या बोलल्या मालकांशी. "परवा त्या बाई गादी घेऊन आल्या होत्या. वरून थोडा कापूस भरा म्हणत होत्या. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? आधी उसवणार, मग बोलणार म्हणालो."

"मग हिला का नाही उसवली? इतके दिवस वरून काय भरायचं तेच चाललंय. आत काय झालंय ते बघितलं का कोणी?"

मालक ताडकन उठून उभे राहिले. "हिला पाना लावायचा?"

"पाना लावा, नाहीतर मी कात्री आणते."

मालकीणबाई कात्री आणते म्हणाल्या की आणतात. मालकांनी डोळे मिटून मान हलवली. आता प्रश्न हत्यारांचा. मेहुण्याकडे मोबाइलचे स्क्रू काढायचे चिमुकले पेचकस होते. त्यातला एक माझ्या पहिल्याच स्क्रूने वाकवला, दुसरा मोडला. मग मालकीणबाईंनी शिलाई मशीनचा पेचकस आणला, बाह्या सारल्या आणि माझं डाव्या बाजूचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं. त्याच्या आत एक डबा असतो. इंजिनात जाणारी हवा त्या डब्यातून गाळून जाते. माझं नाकच म्हणा ना. त्यांनी त्या डब्याचं झाकण उघडलं.

आत पांढरं होतं. सगळं पांढरं. मालकीणबाईंनी दोन बोटांनी ओढलं तर ते बाहेर आलं, आणि मागून अजून आलं, आणि अजून आलं. दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला कापूस! माणसाच्या नाकात कापूस कधी घालतात ते तुम्हाला ठाऊक असेल. अहो, मी जिवंत होते! आणि गेली कितीतरी वर्षं रोज सकाळी पिंजायच्या यंत्राशेजारी उभी राहून, ऊब घेता घेता, मी तो उडणारा कापूस नाकाने ओढत होते.

मालकांनी तो गोळा हातात घेतला. सवयच ती! त्यांनी तो अंगठ्याखाली चोळला, उजेडाकडे धरून तंतू ओढून बघितला आणि म्हणाले, "आपलाच आहे. चांगल्या प्रतीचा."

"दाजी, बाळाची उशी होईल यात," मेहुणा म्हणाला.

मालकीणबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं, माझ्या चाकाला टेकून. आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नव्हते."

"तू काय नव्हतीस?"

"ओझं. तुम्हीच म्हणालात ना चढावर, झेपत नाही म्हणून. मला वाटलं माझंच वजन. किती दिवस मी पोटभर जेवले नाही."

मालक मटकन त्यांच्या शेजारी रस्त्यावरच बसले. "अगं वेडे! दोघांचं म्हणालो मी. तुझं कुठे म्हणालो? मला तर वाटत होतं माझंच पोट सुटलंय. तू बाजारात गेलीस की मी त्या काट्यावर चढून बघतो."

"तुम्हीपण?"

"शर्ट काढून."

मेहुणा आमच्याकडे पाठ करून उशा झटकायला लागला. त्याला काय करावं ते सुचेना, आणि झटकून काही उशा पांढऱ्या होणार नव्हत्या, पण त्याने आपलं काम चालू ठेवलं. रस्त्याच्या कडेला दोघं नवराबायको मांडीला मांडी लावून बसले होते, मध्ये तो कापसाचा गोळा. आणि मी? मी इतके दिवस म्हणत होते माझं वय झालं. आम्ही तिघंही एकाच कापसापायी स्वतःला दोष देत बसलो होतो. तो कापूस तिथे गेला कसा, हे मालकांच्या जरा वेळाने लक्षात आलं. ते उठले, आत गेले, जिन्याखालची दुलई उचलून बाहेर आणली आणि माझ्या सीटवर हात ठेवला. "मीच केलं हे," एवढंच म्हणाले. मालकीणबाईंनी त्यांच्या भुवयांवरचा कापूस झटकला.

दुपारी मेहुणा नवीन गाळणी घेऊन आला. तिची किंमत एका उशीच्या खोळीएवढी. ती त्यानेच बसवली, डबी सोडवली आणि खिशात घातली. त्या वसतिगृहाच्या उशांना नव्या खोळी मात्र त्याच्या ताईने त्याला शेजारी बसवून शिवल्या. दोरा ओवून द्यायचं काम त्याच्याकडे होतं, आणि सुईला सेटिंग नसतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

रविवार उजाडला. चढाच्या पायथ्याशी मालकीणबाई सवयीने उतरायला लागल्या. मालक म्हणाले, "बस." त्या बसल्या, पण डोळे घट्ट मिटून, आणि अंग असं आक्रसून की जणू त्याने वजन कमी होतं. मी श्वास घेतला. मित्रांनो, किती वर्षांनी मी छाती भरून श्वास घेतला! तिसऱ्या गियरमध्ये निघाले ती निघालेच. चप्पल नीट करत थांबलेली माणसं मागे गेली, एक स्कूटर मागे गेली. मालकीणबाईंनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. मग आक्रसलेलं अंग सोडून दिलं आणि सगळं वजन टाकून ऐसपैस बसल्या. मला काही फरक पडला नाही.

वर लेक नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती. "आई! आज गाडीवरून?" ती ओरडली. मालकांनी ब्रेक दाबायला पाय उचलला.

"थांबवू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "वळवा."

"अगं, बाळ वाट बघतंय."

"बघू दे. खाली जाऊन परत एकदा चढू या."

लेक दारात तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि आम्ही तिच्यासमोरून वळून पुन्हा चढाच्या पायथ्याशी निघालो. मागे मालकीणबाई मोठ्याने हसत होत्या.

तर मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी हळू चालायला लागलं असेल, तर लगेच त्याचं वय काढू नका, कोणाचं वजन काढू नका, आणि बाजारातून डबी आणायलाही पळू नका. डबी लागेल तेव्हा लागेल. आधी झाकण उघडून त्याला श्वास घेता येतोय का, तेवढं बघा. आणि प्रेम करायचं असेल तर खुशाल भरपूर करा, फक्त ते नाकापासून चार बोटं लांब ठेवा.